छोट्या होडीतून मोठा मासा घ्यायला कोणतं लँडिंग नेट घ्यावं?

तुम्ही विचारलंय की होडी बारा फुटी आहे, बसणारे दोघं, सात-आठ किलोचा मासा होडीपर्यंत नीट येतो आणि अगदी काठाशी आल्यावर निसटतो. मग नेट लांब दांड्याचं घ्यावं की मोठ्या तोंडाचं?

तोंड मोठं घ्या. दांड्याचा विचार त्यानंतर.

काठाशी मासा जातो तो बहुतेक वेळा नेट पोचत नाही म्हणून नव्हे, तर तो आत मावत नाही म्हणून. लहान कड्यात डोकं शिरतं, अर्धं अंग बाहेर राहतं, शेपटीचा एक फटका बसतो आणि गळ सुटतो. कड्याची रुंदी माशाच्या लांबीच्या निदान दोन-तृतीयांश हवी, असा माझा हिशोब आहे. म्हणजे ७५ सेंटिमीटरच्या माशाला ५० चं कडं जेमतेम, ६० चं असेल तर निवांत. झोळी इतकी खोल हवी की कडं पाण्याबाहेर उचललं की मासा खाली बसेल आणि वरून उडी मारू शकणार नाही. पण फार खोलही नको. टोकदार, खोल झोळीत लांबट मासा मधोमध दुमडतो आणि त्याचं सगळं वजन कण्यावर येतं. तळ सपाट असलेली झोळी मला सगळ्यात आवडते, त्यात मासा आडवा, सरळ राहतो.

आता दांडा. लांब दांड्याची ओढ सगळ्यांनाच असते, मलाही होती. पण जरा गणित मांडून पाहा. मागचा हात दांड्याच्या टोकाला, पुढचा त्याच्यापुढे ३० सेंटिमीटरवर, आणि झोळीतला ८ किलोचा मासा टोकापासून १.८ मीटरवर. दांडा आडवा धरून त्याला उचलायचं तर पुढच्या हाताला ४८ किलो वर ओढावे लागतात आणि त्याच वेळी मागच्या हाताला ४० किलो खाली दाबावे लागतात. नेटचं स्वतःचं वजन यात धरलेलंच नाही! पाण्यात असेपर्यंत माशाचं वजन जवळजवळ जाणवत नाही, म्हणून ही गोष्ट लक्षात येत नाही. पाण्याबाहेर निघाला की सगळा भार एकदम दांड्यावर येतो.

माझं पहिलं नेट असंच गेलं. दांडा चांगला दोन मीटरचा, ओढून लांब करता येणारा. मासा आत आला, मी फावड्यासारखा उचलायला गेलो, आणि दांडा जिथे कड्याला जोडलेला होता तिथला प्लास्टिकचा सांधा माझ्या डोळ्यांदेखत पांढरा पडला. मग बारीक कट्‌ असा आवाज आला. कडं खाली लोंबलं, झोळीचं तोंड पाण्याकडे वळलं आणि मासा शांतपणे बाहेर पोहत गेला. तेव्हापासून दुकानात मी दांडा पाहतच नाही, आधी तो सांधा पाहतो. कड्याची दोन्ही टोकं धातूच्या जाड तुकड्यात खोलवर गेलेली हवीत. एका हातात दांडा आणि दुसऱ्या हातात कडं धरून पिळून पाहा. तिथे खुटखुट जाणवली तर ते नेट परत ठेवा. सरकता दांडा असेल तर खटका भोकात बसणारं लॉक घ्या. पिळून घट्ट करायचं लॉक ओल्या हातांनी नीट आवळलं जात नाही आणि भर घाईत फिरतं.

बारा फुटी होडीचा काठ पाण्यापासून फार उंच नसतो, त्यामुळे सव्वा ते दीड मीटरचा दांडा पुरतो. मासा इंजिनाला किंवा होडीच्या टोकाला वळसा घालू लागला तर तेवढी पोच लागतेच, त्याहून आखूड नको. त्याहून लांब दांडा मात्र नेमका नको तेव्हा दुसऱ्या माणसाच्या पायात येतो.

जाळी कसली, यावर मी जरा हट्टी आहे. गाठी असलेलं नायलॉन घेऊच नका. माशाच्या अंगावरचा बुळबुळीत थर हे त्याचं रोगापासूनचं संरक्षण असतं, गाठी तो खरवडून काढतात आणि परही चिरतात. मासा सोडणार असाल तर हे फार महत्त्वाचं आहे. बिनगाठीचं नायलॉन बरं, रबराची किंवा रबर चढवलेली जाळी सगळ्यात चांगली. तिहेरी गळ वापरत असाल तर रबराला पर्यायच नाही, कारण नायलॉनमध्ये तो असा गुंततो की मासा बाजूला राहतो आणि आपण जाळी कापत बसतो. रबराचा तोटा एवढाच की ते जड असतं आणि पाण्यात हळू फिरतं. जाळीचा आस, म्हणजे भोकाचा आकार, फार बारीक असेल तर ही अडचण आणखी वाढते, फार मोठा असेल तर पर अडकून फाटतात.

रबर हळू फिरतं म्हणून अडत नाही, कारण नेट फिरवायचंच नसतं. मासा दमायच्या आधी नेट पाण्यात घालू नका. तो एका कुशीवर झाला की कड्याची पुढची बाजू पाण्याखाली तिरकी धरा आणि स्थिर ठेवा. रॉड ज्याच्या हातात आहे त्याने मासा डोक्याकडून कड्यावर आणायचा. शेपटीकडून नेट लावलं तर जाळीचा स्पर्श होताच तो पुढे उसळी मारतो, आणि पुढे मोकळं पाणीच असतं. डोक्याकडून लावलं तर तीच उसळी त्याला झोळीत नेते. बाहेर लोंबणारा दुसरा गळ कड्याजवळच्या जाळीत अडकला तर मासा बाहेर आणि गळ आत अशी गत होते, त्यावर लक्ष ठेवा. मासा आत आला की कडं वर करा आणि रॉडवाल्याने लगेच लाइन सैल सोडायची.

आणि मग थांबा. मासा होडीत आणायची घाई नको. दोघंही एकाच काठावर वाकलात तर छोटी होडी किती कलते हे तुम्हाला माहीत असेलच. नेटवाल्याने गुडघे टेकून बसायचं, रॉडवाल्याने पलीकडच्या बाजूला सरकायचं. लाइफ जॅकेट अंगात असायला हवं, वेगळं सांगायला नको. सोडायचा मासा असेल तर झोळी पाण्यातच ठेवून लांब पकडीने गळ काढता येतो, तो आत आणायची गरजच पडत नाही. आत घ्यायचाच असेल तर दांडा उभा करा, हात कड्यापर्यंत खाली न्या, दोन्ही हातांनी कडं धरा आणि काठावरून सरळ आत ओढा. भार हातांवर येतो, सांध्यावर नाही.

काठीला लावलेला अणकुचीदार आकडा कुणी सुचवेल. खायला ठेवायच्या माशासाठी तो चालतो, पण हवा भरलेल्या होडीत तो चुकूनही आणू नका.

खाऱ्या पाण्यात जात असाल तर नेट दरवेळी गोड्या पाण्याने धुवा. ॲल्युमिनियमच्या कड्यात स्टीलचे रिव्हेट असतील तर खारं पाणी तिथूनच पोखरायला सुरुवात करतं. नायलॉनची झोळी उन्हात टाकून ठेवली की कमजोर होते, नुसतं पाहून कळत नाही. हंगामाच्या सुरुवातीला तिच्या तळाला मूठ घालून जोरात ताणून पाहा. धागा तुटला तर झोळी बदला, कडं आणि दांडा तेच चालतील.