ग्रीनलंड डेन्मार्कचा आहे, तर तिथे वेगळा पंतप्रधान कसा? कारभार नक्की कोण चालवतं?

दोघंही चालवतात, पण कोणतं खातं कुणाकडे हे कायद्याने ठरलेलं आहे. शाळा, दवाखाने, कर, मासेमारी, खनिजं हे सगळं ग्रीनलंडची राजधानी नुक इथलं सरकार बघतं. तिथल्या संसदेत, म्हणजे इनात्सिसार्तुतमध्ये, 31 सदस्य असतात आणि पंतप्रधान तेच निवडतात. संरक्षण, नागरिकत्व, चलन, सर्वोच्च न्यायालय आणि बरंचसं परराष्ट्र धोरण कोपनहेगनकडे, म्हणजे डेन्मार्कच्या सरकारकडे. डॅनिश संसदेच्या 179 जागांपैकी 2 ग्रीनलंडच्या.

ही वाटणी भांडून मिळवलेली आहे. 1972 मध्ये युरोपीय आर्थिक समुदायात, म्हणजे आजच्या युरोपीय संघाच्या आधीच्या संघटनेत, जायचं का, यावर डेन्मार्कमध्ये सार्वमत झालं. ग्रीनलंडमधल्या सुमारे 70 टक्के मतदारांनी नाही म्हटलं. मासळीवर जगणारी माणसं, आपल्या समुद्रात बाहेरच्या बोटी त्यांना नको होत्या. पण मोजणी सगळ्या डेन्मार्कची एकत्र झाली आणि 1973 ला त्यांना मनाविरुद्ध आत जावं लागलं. त्या रागाने स्वायत्ततेच्या मागणीला जोर आला. 1979 ला स्वायत्तता मिळाली, 1982 ला त्यांनी स्वतःचं सार्वमत घेतलं आणि 1985 ला बाहेर पडले. डेन्मार्क आत, ग्रीनलंड बाहेर! स्वायत्ततेत खरा दम आहे की नाही, हे मला इथे दिसतं.

2009 च्या कायद्याने अधिकार आणखी वाढले. पोलीस आणि न्यायालयंसुद्धा ग्रीनलंडला मागून घेता येतात. मग घेतली का नाहीत? कारण नवं खातं घेतलं की त्याचा खर्चही स्वतः करायचा. डेन्मार्क दरवर्षी जे ठोक अनुदान देतं, ते त्यासाठी वाढत नाही. सरकारी खर्चाचा जवळपास निम्मा भार आजही त्या अनुदानावर आहे. खनिजांचं उत्पन्न ठरावीक रकमेच्या वर गेलं, तर वरच्या रकमेच्या निम्म्याने अनुदान कापलं जातं. म्हणजे खनिजांतून कमावलं तर डेन्मार्कच्या पैशावरचं अवलंबन कमी होतं. म्हणून तिथे खाणीचा वाद हा स्वातंत्र्याचाही वाद असतो. तरीही 2021 ची निवडणूक नार्साक गावाजवळच्या, युरेनियम असलेल्या खाणीवरून गाजली, विरोध करणारा पक्ष जिंकला आणि त्याच वर्षी युरेनियम काढण्यावर बंदीचा कायदा झाला. हा निर्णय नुकचा होता, कोपनहेगनचा नाही.

स्वतंत्र व्हायचा मार्गही 2009 च्याच कायद्यात आहे. निर्णय ग्रीनलंडच्या जनतेचा. मग दोन्ही सरकारांच्या वाटाघाटी, ग्रीनलंडमध्ये सार्वमत आणि शेवटी डॅनिश संसदेची संमती.