दृष्ट कुणाची?

प्रिय सई,

रविवारी आजीनं व्हिडिओ कॉलवर मीठ-मोहरीची मूठ फिरवून तुझी दृष्ट काढली. फोन ठेवल्यावर तू विचारलंस, "माझा नाच बघायला आलेली माणसं वाईट होती, असं आजीला वाटतं का?" तुझा प्रश्न मला लागला. त्या हॉलमध्ये तुझ्या मैत्रिणी होत्या, तुझ्या मिस होत्या. मीही होते.

साताऱ्याला, मंगळवार पेठेतल्या घरी, माझी दृष्ट अक्का काढायची. गॅदरिंग झालं की, तापातून उठले की, नवा फ्रॉक घातला की. मुठीत खडेमीठ, मोहरी, सुक्या लाल मिरच्या आणि उंबऱ्याजवळची चिमूटभर माती. "आल्यागेल्याची, घरच्यादारच्याची" असं पुटपुटत मूठ डोक्यावरून पायापर्यंत उतरवायची आणि सगळं शेगडीतल्या निखाऱ्यांवर टाकायची. मीठ तडतडायचं. मिरचीचा ठसका लागला नाही, की अक्का म्हणायची, "बघ, केवढी लागली होती!" कधीकधी तुरटी टाकायची. तुरटीतलं पाणी उडून जातं आणि ती फुगून वेडीवाकडी होते. आम्ही पोरं त्यात कुणाचं तोंड दिसतंय ते शोधायचो. अक्काला बहुतेक वेळा माझ्या आईचंच दिसायचं, म्हणजे तुझ्या आजीचं. "आईचीच दृष्ट आधी लागते," असं ती म्हणायची. त्यामुळं दृष्ट म्हटलं की माझ्या मनात कुणी वैरी येत नाही. कुणीतरी डोळे भरून पाहिलं, असंच वाटतं. 'दृष्ट लागण्यासारखी दिसतेस' हे तर आमच्याकडचं सगळ्यात मोठं कौतुक.

पण गल्लीत एक काकू होत्या, मूलबाळ नसलेल्या. बारशाला त्या आल्या की बायका बाळाला पदराआड घ्यायच्या. काकूंना ते कळायचं. पाळण्यापर्यंत न येता दारातूनच घुगऱ्या घेऊन त्या परत फिरायच्या. तुझा प्रश्न ऐकला आणि मला त्याच आठवल्या. तिथं दृष्ट म्हणजे सरळ आरोप होता, आणि त्याची बाजू मला घेता येत नाही.

डॉ. नरेंद्र दाभोलकर आमच्या साताऱ्याचेच. १९८९ साली त्यांनी महाराष्ट्र अंधश्रद्धा निर्मूलन समिती स्थापन केली. २० ऑगस्ट २०१३ रोजी पुण्यात गोळ्या घालून त्यांचा खून झाला. तात्या त्यांची भाषणं ऐकून यायचे आणि अक्काशी वाद घालायचे. अक्का सगळं ऐकून घ्यायची आणि संध्याकाळी तात्यांचीच दृष्ट काढायला बसायची. तेही पाटावर बसायचे.

नजरेनं कुणाला ताप येत नाही, हे मला पक्कं ठाऊक आहे. तरी तू झालीस तेव्हा तुझ्या कानामागं मी काजळाचं बोट टेकवलंच. का, ते मला नीट सांगता येणार नाही.

तुला नको असेल तर आजीला सांग, ती "बरं बाई" म्हणेल. चालणार असेल तर एकदा तिलाच विचार, ही कुणाची दृष्ट काढतेस म्हणून. आणि त्या काकूंबद्दलही विचार. मामाच्या बारशाला त्या आल्या होत्या, तेव्हा आजीनं काय केलं ते मला आठवत नाही. तिला आठवत असेल.

तुझी
आई