‘फितूर’ म्हणजे नेमके काय? फितूर आणि गद्दार एकच का?

तुम्ही विचारलंय की फितूर आणि गद्दार एकच का, आणि हिंदीत ‘फितूर’ म्हणजे खूळ, मग मराठीत असा अर्थ कसा. मी फौजदारी कोर्टात वकिली करते. हा शब्द आठवड्यातून दोनदा तरी कानावर येतो.

मूळ अरबी ‘फुतूर’, म्हणजे ढिलेपणा, कमजोरी. उर्दूत त्याला बिघाड आणि बखेडा असे दोन्ही अर्थ आले. हिंदीने डोक्यातला बिघाड उचलला, मराठीने निष्ठेतला. किल्लेदार शत्रूला फितूर झाला, म्हणजे आधी तो आपला होता आणि कुणीतरी त्याला फोडला. परका माणूस फितूर होऊच शकत नाही. गद्दार स्वतःच्या मनाने दगा देईल, बंडखोर उघड उलटेल; पण फितूर म्हटलं की त्याला फितवणारा आलाच. म्हणून ‘मला फितूर झाला’ असं आपण म्हणत नाही. ‘त्यांना फितूर झाला’ म्हणतो. ज्याच्याकडे गेला त्याला ‘ला’ किंवा ‘ना’ लागतो.

आज हा शब्द सगळ्यात जास्त चालतो तो साक्षीदारासाठी. एका खटल्यात म्हातारे पंच, म्हणजे पंचनाम्यावर सही केलेले साक्षीदार, टोपी हातात धरून म्हणाले, “सही माझीच आहे, पण मजकूर वाचून दाखवला नाही.” सरकारी वकिलांनी लगेच त्यांना फितूर ठरवून उलटतपासाची, म्हणजे विरुद्ध बाजूचा वकील विचारतो तसे प्रश्न विचारायची, परवानगी मागितली. मग आजोबांच्या जबाबात नकाराचं ठरलेलं वाक्य उतरलं: “हे म्हणणे खरे नाही की, आरोपीच्या दबावामुळे मी आज खोटे सांगत आहे.”

गंमत नाही, मला हे खरंच खटकतं. १८७२ च्या पुरावा कायद्याच्या कलम १५४ मध्ये असा कुठलाच शिक्का नव्हता. आपल्याच साक्षीदाराला उलटतपासासारखे प्रश्न विचारायला कोर्ट परवानगी देऊ शकतं, एवढंच होतं. शिवाय अशा साक्षीदाराची साक्ष आपोआप बाद होत नाही, विश्वासार्ह वाटेल तेवढा भाग कोर्ट घेऊ शकतं. पण दुसऱ्या दिवशी पेपरात ‘पंच फितूर’ छापून येतं आणि गावात त्याचा अर्थ एकच निघतो: पैसे खाल्ले.

त्या आजोबांना कुणी फितवलं होतं की खरंच कुणी वाचून दाखवलं नव्हतं, हे त्या दिवशी कोर्टात कुणालाच ठाऊक नव्हतं. म्हणून मी तरी माझ्या अर्जात ‘साक्षीदाराने पूर्वीच्या जबाबाला दुजोरा दिला नाही’ असंच लिहिते.