कॅमेरा नेमका कोणाला हवा आहे?

आपले मुलुंडहून आलेले सविस्तर पत्र वाचले. कन्येने बारावी वाणिज्यनंतर फॅशन छायाचित्रणाची खासगी पदविका घ्यावी आणि पुढे प्रसिद्ध अमेरिकन फॅशन छायाचित्रकार अर्विंग पेन यांच्यासारखे नाव कमवावे, अशी आपली इच्छा आहे. त्यासाठी आपण दोन लाखांचा कॅमेराही नोंदवून ठेवला आहे. माझ्याकडे येणारी पत्रे सहसा याच्या उलट असतात. मुलाला कॅमेरा हवा असतो आणि वडील अभियांत्रिकीवर अडून बसलेले असतात. त्यामुळे सुरुवातीला बरे वाटले, पण ते फार टिकले नाही. तरुणपणी गिरगावच्या चाळीत मोरीला काळे पडदे लावून आपण छायाचित्रे धूत होता आणि बँकेच्या नोकरीत ते सारे सुटले, ही हकीकत दीड पान चालते. मुलगी थेट तिसऱ्या पानावर येते, आणि तीही रविवारची कार्यशाळा तिने अर्ध्यावर सोडली या तक्रारीपुरती. कलेच्या क्षेत्राची सक्ती हीसुद्धा सक्तीच आहे, आणि ती नाकारणे मुलांना अधिक जड जाते. अभियांत्रिकीला नाही म्हणणाऱ्या मुलाची बाजू घ्यायला एखादी आत्या किंवा मामा तरी पुढे येतो. ‘बाबा एवढ्या हौसेने देताहेत आणि हिला नको’ असे जिच्याबद्दल बोलले जाते, तिची बाजू कोण घेणार?

चांगला कॅमेरा आणि उपजत नजर एवढ्यावर पेन घडले, हा आपला समज मात्र दूर करायला हवा. ते मुळात आरेखन शिकलेले होते. 1934 ते 1938 या काळात फिलाडेल्फियात आरेखनाचे शिक्षक अलेक्सी ब्रोडोविच यांच्या हाताखाली त्यांचे शिक्षण झाले, आणि पहिला रोलीफ्लेक्स कॅमेरा त्यांनी चित्रे काढून मिळवलेल्या पैशांतून घेतला. 1943 मध्ये ‘व्होग’ या फॅशन मासिकाचे कला दिग्दर्शक अलेक्झांडर लिबरमन यांनी त्यांना घेतले ते मुखपृष्ठांच्या कल्पना सुचवण्यासाठी. तिथल्या छायाचित्रकारांना त्या कल्पना रुचेनात, तेव्हा लिबरमन यांनी तुम्हीच छायाचित्रे काढा, असे सांगितले. त्याच वर्षीच्या ऑक्टोबरमधल्या त्यांच्या पहिल्या मुखपृष्ठावर मॉडेल नव्हतीच. चामडी पिशवी, हातमोजे, लिंबे-संत्री आणि एक मोठा पुष्कराज यांची ती मांडणी होती. पुढे 1950 मध्ये पॅरिसला त्यांनी उंचावरच्या एका स्टुडिओत, नाटकाच्या टाकून दिलेल्या जुन्या पडद्यासमोर, उत्तरेच्या खिडकीतून येणाऱ्या उजेडात त्या हंगामातले पोशाख टिपले, आणि त्याच सुमारास खाटीक, फेरीवाले अशा कष्टकऱ्यांनाही तशाच उजेडात तितक्याच अदबीने उभे केले. ती मोकळी पार्श्वभूमी साधी दिसते म्हणून आपल्याला सोपी वाटली असावी. चौकटीतून काय काढून टाकायचे हे ठरवायला तयार नजर लागते, आणि ‘व्होग’शी साठ वर्षांहून अधिक काळ टिकलेले त्यांचे नाते त्या नजरेवर उभे होते. ती नजर कॅमेऱ्याच्या खोक्यातून येत नाही. आपल्या मुंबईत तर अंधेरीच्या स्टुडिओत दिव्यांचे स्टँड उचलत सहायक म्हणून वर्षे काढावी लागतात, आणि नियमित पैसा बहुधा ऑनलाइन दुकानांच्या कॅटलॉगमधून येतो, जिथे एका कुर्त्याच्या वाट्याला मोजकी मिनिटे येतात. ज्याला हे स्वतःहून हवे असते तोच यात टिकतो.

आपल्या पत्रातले सर्वांत मोलाचे वाक्य आपण चिडून लिहिले आहे. पेन यांचे 1950 मधले, बालेन्सियागा या स्पॅनिश पोशाखकाराने घडवलेल्या बाहीचे छायाचित्र आपण दाखवलेत, तेव्हा प्रकाशाबद्दल अवाक्षर न काढता तिने विचारले, ‘ही बाही अशी उभी राहते कशी?’ आणि नंतर मावशीचा जुना ब्लाउज उसवून बसली. महोदय, आपण छायाचित्र पाहत होता आणि ती पोशाख पाहत होती. क्रिस्तोबाल बालेन्सियागा हा शिवणकाम करणाऱ्या आईचा मुलगा होता, लहान वयात शिंप्याकडे उमेदवारी केलेला, स्वतः बेतू आणि शिवू शकणारा. तिचा प्रश्न त्याच्या कामाच्या गाभ्यालाच हात घालतो. मुंबईच्या फॅशन व्यवसायात रेखाटने करणारे पुष्कळ आहेत; कापड हातात घेऊन ते अंगावर कसे बसेल हे ओळखणारे मात्र कमी, आणि ते ज्ञान बरेचसे कटिंग मास्तरांच्या हातात आहे. तिला पॅटर्न कटिंग (पोशाखाचे नमुने बेतणे) आणि ड्रेपिंग (कापड थेट पुतळ्यावर लावून आकार देणे) यांकडे वळू द्या. खारघरच्या निफ्टची, म्हणजे राष्ट्रीय फॅशन तंत्रज्ञान संस्थेची, प्रवेश परीक्षा वाणिज्य शाखेच्या विद्यार्थ्यांनाही देता येते, आणि जुहूच्या एसएनडीटी परिसरातील वस्त्र व पोशाखविषयक अभ्यासक्रमही पाहावेत. तोपर्यंत तिला चार-पाच मीटर मांजरपाट आणून द्या आणि त्या बाहीचा नमुना तिच्या पद्धतीने बेतू द्या. पहिले दोन-तीन फसतील, त्यावर शेरे मारू नका.

मी सुचवलेलेही तिच्यावर लादू नये. पुढचे पत्र तिने स्वतः, आपण न वाचता, मला लिहावे. कॅमेरा रद्द करण्याची गरज नाही. निवृत्तीनंतर आपल्यापाशी वेळ आहे, तेव्हा तो आपणच वापरावा आणि रविवारच्या कार्यशाळेतल्या तिच्या उरलेल्या जागेवर आपल्याला बसता येते का, हे विचारावे. पदविकेचे आगाऊ भरलेले शुल्क परत मिळते का, याची चौकशी मात्र याच आठवड्यात करा.