वाचकांचे प्रश्न : खिडकी गाळ्यात नेमकी का बसत नाही?

प्रश्न : मी बडोद्यात दांडिया बाजार परिसरातील जुन्या घरांच्या नूतनीकरणाची रेखाटने करते. स्केचअप या त्रिमितीय रेखाटनाच्या संगणक प्रणालीत एक खिडकी काढून तिचा कंपोनंट (पुन्हा पुन्हा वापरता येणारा घटक) केला. पण भिंतीतल्या गाळ्याच्या खालच्या कोपऱ्यावर ती ठेवली, की दर वेळी थोडी उजवीकडे, आत आणि वर सरकलेली दिसते. एका खिडकीची झडप बदलली, तर सगळ्याच बदलतात. शिवाय सर्वेक्षकाने दिलेला जागेचा नकाशा फाइलमध्ये आणल्यापासून रेषा थरथरतात. असे का होते?

उत्तर : प्रत्येक कंपोनंटला स्वतःचा आरंभबिंदू आणि स्वतःचे तीन अक्ष (लाल, हिरवा व निळा) असतात, आणि आपण माउसने खिडकी ठेवतो तेव्हा खरे तर तिचा आरंभबिंदू ठेवत असतो. तो आपण ठरवला नाही, तर स्केचअप वस्तूला सर्व बाजूंनी कवेत घेणारी एक काल्पनिक पेटी धरते आणि तिचा डावीकडचा, पुढचा, खालचा कोपरा आरंभबिंदू मानते. आपल्या खिडकीला बहुधा दगडी सिल, म्हणजे खालची पुढे आलेली पट्टी, असावी. ती गाळ्याच्या बाजूला 75, भिंतीच्या पुढे 50 आणि गाळ्याच्या खाली 40 मिलिमीटर बाहेर आलेली असेल, तर पेटीचा कोपरा तिच्या टोकाशी पडतो, आणि तो गाळ्याच्या कोपऱ्याला जोडताच खिडकी उजवीकडे 75, आत 50 आणि वर 40 मिलिमीटर सरकते. चुकून राहिलेली एखादी सुटी रेषासुद्धा ही पेटी वाढवते. म्हणून कंपोनंट करण्यापूर्वी ती अवश्य शोधावी.

आरंभबिंदू तिथेच असावा, जिथे वस्तू इमारतीला भेटते. कंपोनंट तयार करतानाच ‘सेट कंपोनंट ॲक्सीज’ (कंपोनंटचे अक्ष ठरवणे) निवडून तो देता येतो. जुन्या घरांतले गाळे क्वचितच एकसारख्या रुंदीचे असतात, त्यामुळे माझ्या मते कोपऱ्यापेक्षा भिंतीच्या बाहेरच्या पृष्ठावरील, गाळ्याच्या खालच्या कडेचा मध्य घेणे अधिक बरे. रुंदीतला फरक मग दोन्ही बाजूंना सारखा विभागला जातो. लाल आणि हिरवा अक्ष भिंतीच्या पृष्ठात व निळा बाहेरच्या दिशेने ठेवला, तर खिडकी भिंतीला चिकटते आणि ‘कट ओपनिंग’ने त्या पृष्ठाला भोकही पडते. मात्र ते एकाच पृष्ठाला पडते. भिंतीची आतली बाजू आपल्यालाच कापावी लागते. पुढे दोन झडपांच्या जागी तीन झडपांची खिडकी हवी झाली, तर ‘रिप्लेस सिलेक्टेड’ ही अदलाबदल आरंभबिंदूवरूनच करते, म्हणून संग्रहातल्या सर्व खिडक्यांना एकाच रीतीने तो द्यावा.

सगळ्या खिडक्या एकदम बदलणे हा दोष नव्हे, कंपोनंटचा हेतूच तो आहे. इव्हान सदरलँड यांच्या 1963 मधील ‘स्केचपॅड’ या संगणकावर रेखाटनाच्या सुरुवातीच्या प्रणालीमध्येही मूळ आकृती आणि तिच्या प्रती अशीच व्यवस्था होती. एकच खिडकी वेगळी हवी असल्यास ती निवडून आधी ‘मेक युनिक’ करावे आणि मगच तिच्या आत शिरावे.

थरथरण्याचे कारण निराळे आहे. सर्वेक्षणातील यूटीएम निर्देशांक (पृथ्वीवरील जागा मीटरांत सांगणारी पद्धत) उत्तरेकडचे अंतर विषुववृत्तापासून मोजतात; बडोद्यासाठी ते 24 लाख मीटरांहून अधिक, म्हणजे मिलिमीटरमध्ये 240 कोटींच्या पुढे जाते. पडद्यावर चित्र काढताना सामान्यतः सुमारे 7 सार्थ अंकांचीच अचूकता वापरली जाते, त्यामुळे दहा अंकी संख्येतले शेवटचे अंक विश्वासार्ह राहत नाहीत. नकाशा आणताना ‘प्रिझर्व्ह ड्रॉइंग ओरिजिन’ बंद ठेवावे आणि प्लॉटचा एखादा कोपरा मॉडेलच्या आरंभबिंदूवर आणून त्याचे मूळ निर्देशांक फाइलमध्ये लिहून ठेवावेत.

आधी बसवलेल्या खिडक्यांचा आरंभबिंदू बदलण्यासाठी ‘चेंज ॲक्सीज’ वापरा. कंपोनंटच्या आत जाऊन आकृतीच सरकवली, तर त्याच्या सर्व प्रती मॉडेलभर सरकतील.