एकच व्होल्टमीटर, दोन बस: स्विच कोणता घ्यायचा?

तुझ्या आरव्ही-७ या छोट्या विमानात मेन बस आणि इसेन्शियल बस (बस म्हणजे उपकरणांना वीज वाटणारी पट्टी; इसेन्शियल बसवर अत्यावश्यक उपकरणं) वेगळ्या, व्होल्टमीटर मात्र एकच. मग मीटर कधी या बसला, कधी त्या बसला जोडणारा साधा टू-वे टॉगल स्विच पुरे. मीटरला करंट लागतो मिलिअँपिअरमध्ये, म्हणून लँडिंग लाइटसाठीचा दणकट स्विच इथे वापरू नकोस. इतक्या कमी करंटला चांदीचे कॉन्टॅक्ट काळे पडले की रीडिंग नाचायला लागतं. सोन्याचा मुलामा असलेले घे, थोडे महाग पडले तरी चालेल.

टॉगलऐवजी रोटरी, म्हणजे नॉब फिरवायचा स्विच घेणार असशील तर पहिला संपर्क पूर्ण सुटल्यावरच दुसरा जुळायला हवा. नाहीतर नॉब फिरवताना क्षणभर दोन्ही बस मीटरच्या बारीक वायरमधून एकमेकींना जोडल्या जातात. पॅनलवर बसवण्याआधी मल्टिमीटर लाव आणि नॉब अगदी सावकाश फिरवून बघ.

टॉगलचं मधलं टर्मिनल मीटरला, कडेची दोन दोन्ही बसना. आणि फ्यूज बसपाशीच हवा, स्विचपाशी नाही! पॅनलमागे वायर घासून उघडी पडली तर धूर तुझ्या तोंडावर येणार; १ अँपिअरचा फ्यूज त्याआधी उडायला हवा. वायर २२ गेजची पुरते.

१४ व्होल्टच्या सिस्टिमवर अल्टरनेटर चालू असताना १३.८ ते १४.४ दिसेल. उड्डाणात आकडा १३ च्या खाली गेला, तर बॅटरीवर चाललायस असंच समज.