दुपारी वारा फिरतो तेव्हा: माळाचं गवत, पेंढ्याच्या गंज्या आणि वणवा

भाताची झोडणी उरकत आली की आमच्याकडे येणारे प्रश्न बदलतात. करपा, तुडतुडे मागे पडतात आणि गवत-पेंढ्याची काळजी सुरू होते. या आठवड्यातले तीन प्रश्न एकाच दाव्याला बांधलेले आहेत, म्हणून एकत्रच घेतो.

पहिला प्रश्न ठाणे जिल्ह्यातल्या खर्डीकडचा. "खळ्याला लागून वरकस माळ आहे. यंदा गवत कमरेला लागतंय. मोबाईलवर वारा रोज ताशी दहा-बारा किलोमीटरच दाखवतो, मग वणवा एवढा पळतो कसा? आणि धोक्याचा दिवस आधी ओळखायचा कसा?"

दादा, पाऊस चांगला झाला म्हणजे वणव्याची भीती कमी, हा समज आधी सोडा. पाऊस चांगला म्हणजे गवत जास्त आणि गवत जास्त म्हणजे जळण जास्त. आता वाऱ्याचं. शाळेत खारे वारे आणि मतलई वारे शिकलो होतो, तेच इथे कामाला येतात. ठाणे-मुंबईतून मोसमी पाऊस साधारण 8 ऑक्टोबरच्या सुमारास माघारी जातो. त्यानंतर रात्री आणि सकाळी वारा पूर्वेचा असतो, म्हणजे घाटमाथ्यावरून आपल्याकडे उतरणारा. कोरडी हवा एक किलोमीटर खाली आली की जवळपास 10 अंशांनी तापते. माळशेजच्या माथ्यावरची हवा मुरबाडच्या खोऱ्यात पोचेपर्यंत काय होत असेल, याचा हिशेब तुम्हीच करा. कुसळीची, म्हणजे माळावरच्या गवताची, काडी ती किती जाड! अशा हवेत तासा-दोन तासांत तिच्यातला ओलावा उडून जातो.

दुपारी समुद्राकडून खारा वारा येतो. ठाण्याला तो आधी लागतो, शहापूर-मुरबाडला पोचायला उशीर होतो. अंगाला बरं वाटतं, हवाही थोडी दमट होते. पण वणवा पेटलेला असेल तर घात याच वेळी होतो. मोबाईलवरचा दहा-बाराचा आकडा सरासरी असतो. त्यात झोत दिसत नाहीत, आणि वारा दुपारी पाठ फिरवतो हेही दिसत नाही.

दोन वर्षांपूर्वी एका माळावर हे डोळ्यांनी पाहिलं. सकाळी अकराच्या सुमारास कोणीतरी बांध पेटवला होता. पूर्वेच्या वाऱ्यावर आग पश्चिमेकडे, ओढ्याच्या दिशेने निघाली. चिंचोळी, लांबट पट्टी. पाच-सहा माणसं बगलेला, म्हणजे आगीच्या कडेला, उभी राहून निरगुडीच्या डहाळ्यांनी झोडत होती आणि काम आवाक्यात होतं. अडीचच्या सुमारास धूर क्षणभर सरळ वर गेला. एका म्हाताऱ्या बाबांनी हातातली डहाळी टाकली आणि ओरडले, "मागं व्हा, काळ्यात या!" वायव्येचा झोत आला आणि जी बगल होती तीच आगीचं तोंड, म्हणजे पुढे धावणारी बाजू, झाली. सकाळभर लांबलेली ती सगळी पट्टी एकदम वाडीकडे चालून आली. बाबांचं ऐकून माणसं जळून गेलेल्या काळ्या जमिनीवर सरकली, म्हणून वाचली. पेंढ्याच्या चार गंज्या मात्र गेल्या.

धूर सरळ वर जाणं ही खूण लक्षात ठेवा. वारा थांबला असं वाटतं, खरं तर तो कूस बदलत असतो.

धोक्याचा दिवस ओळखायला आपल्या भागात सगळ्यात सोपं साधन म्हणजे वीटभट्टी. दिवाळीनंतर भट्ट्या लागतात. सकाळी त्यांचा धूर मुंबईकडे जातो, दुपारी उलटून सह्याद्रीकडे. दुपारचे बारा-एक वाजले आणि धूर अजूनही मुंबईकडेच चालला असेल, तर खारा वारा अडलाय, हवा कडक कोरडी आहे, असं समजा. त्या दिवशी माळावर विडीसुद्धा नको. मूठभर गवत घेऊन वाकवून पाहा. वाकलं तर ठीक, कडकन मोडलं तर जळण तयार आहे. वाऱ्याचा अंदाज झाडावरून येतो: पानं सतत हलत असतील तर ताशी 12 ते 19 किलोमीटर, धूळ आणि कागद उडू लागले तर 20 ते 28, लहान झाडं डोलू लागली तर त्याच्याही वर.

'मेघदूत' अॅपवर पुढच्या पाच दिवसांचा अंदाज मिळतो, कृषी हवामान पत्रिका मंगळवारी आणि शुक्रवारी निघते. त्यात आपण पाऊस बघतो आणि बंद करतो. यापुढे दुपारची आर्द्रता आणि वाऱ्याची दिशा हे दोन रकाने वाचा. जगभर एक ढोबळ हिशेब सांगतात: तापमान 30 अंशांवर, आर्द्रता 30 टक्क्यांखाली, वारा 30 किलोमीटरवर. माझं मत असं की आपण वाऱ्याच्या तिशीची वाट पाहू नये. आर्द्रता तिशीला आली आणि वारा पूर्वेचा असला की माळावरची, बांधावरची सगळी जाळणी बंद.

दुसरा प्रश्न मुरबाडचा. "डोंगरउतारावर आंबा-काजूची बाग आहे. भोवतीची जाळरेषा जाळूनच काढू का? मजूर मिळत नाहीत."

जाळरेषा म्हणजे आग अडवायला मोकळा ठेवलेला पट्टा, तो जाळून काढू नका. मजुरांची अडचण खरी आहे, पण निम्मे वणवे अशा 'जरा जाळून घेतो'मधूनच सुटतात असं माझं निरीक्षण आहे. शिवाय आग शेजारच्या आरक्षित वनात शिरली तर भारतीय वन अधिनियम, 1927 खाली गुन्हा होतो. गवत कापा. ग्रासकटर दोन-तीन बागायतदारांनी मिळून भाड्याने आणला तर परवडतो. पट्टा निदान तीन-चार मीटर रुंद ठेवा, आणि उताराच्या खालच्या अंगाला त्याच्या दुप्पट. आग चढावर धावते, उतार 10 अंशांनी वाढला की वेग साधारण दुप्पट होतो. कापलेलं गवत पट्ट्यातच पडू देऊ नका, नाहीतर कापणीची मजुरी वाया. काजूखालचा पाचोळा खोडापासून हातभर लांब ओढा. ही कामं आत्ताच करून घ्या. सकाळी दव असेपर्यंत कापणी सोपीही जाते.

तिसरा प्रश्न कल्याणजवळच्या एका तरुण शेतकऱ्याचा. त्याचा चुलतभाऊ अमेरिकेत कोलोरॅडोला असतो. तिकडे वारा आणि कोरडेपणा एकत्र आले की 'रेड फ्लॅग'चा इशारा येतो, तसं आपल्याकडे का नाही, असं तो विचारतो.

त्या भागात आर्द्रता 15 टक्के किंवा कमी आणि झोत ताशी सुमारे 40 किलोमीटर असले की तो इशारा देतात. पण त्याच कोलोरॅडोची एक गोष्ट ऐक. 2021 मध्ये तिथे वसंतात पाऊस भरपूर झाला, गवत माजलं, मग शरद ऋतू कोरडा गेला. 30 डिसेंबरला डोंगरावरून उतरलेल्या वाऱ्याचे झोत ताशी 160 किलोमीटरच्या वर गेले आणि 'मार्शल फायर'मध्ये हजाराहून जास्त घरं जळाली. त्या दिवशी जोराच्या वाऱ्याचा इशारा होता, रेड फ्लॅग नव्हता. आर्द्रता ठरलेल्या रेषेखाली उतरली नव्हती ना! आपल्याकडे एवढा वारा नसतो, पण कागदावरच्या रेषेवर विसंबू नये एवढं त्यातून घे.

भारतीय वन सर्वेक्षणाच्या 'वन अग्नी' पोर्टलवर मोबाईल नंबर नोंदवलास तर उपग्रहाने टिपलेल्या आगीचा एसएमएस येतो. नोंदव जरूर. मात्र उपग्रह डोक्यावरून जातो तेव्हाच आग दिसते आणि तोवर माळ पेटलेला असतो. गावात दुपारी बारा ते पाच एक माणूस उंच जागी बसवणं हे अजूनही जास्त भरवशाचं.

वणवा आलाच तर त्याच्या तोंडासमोर किंवा उताराच्या वर उभं राहू नका. जळलेल्या बाजूने, बगलेने झोडत पुढे जा, आणि पळायची वाट काळ्या जमिनीकडे ठेवा. अग्निशमन 101, वनविभाग 1926.

खर्डीच्या दादांनी फोटो पाठवलेत. सहा गंज्या एकमेकींना खेटून उभ्या आहेत, आणि कडेच्या दोघींवरून विजेची तार गेलीय. तार सैल दिसतेय, 1912 वर कळवा. त्या दोन गंज्या उद्याच हलवा. बाकीच्या चार गोठ्यापासून निदान 15 मीटर लांब आणि एकमेकींपासून सुट्या करा, त्या नंतर दोन दिवसांत झाल्या तरी चालेल.